काराव्हाज्जोचा मृत्यू : एक पत्र आणि काही हाडे

इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याला जाऊन चारशे वर्षे उलटली, पण त्याच्या मृत्यूची चौकशी काही मिटत नाही. २०१० मध्ये त्याची हाडे सापडल्याचे जाहीर झाले. २०१२ मध्ये नेपल्सच्या एका नामांकित प्राध्यापकाने त्याचा खूनच झाला होता, असे प्रतिपादन केले. २०१८ मध्ये फ्रेंच वैद्यक-संशोधकांनी त्याच्या समजल्या जाणाऱ्या दातांतून रोगजंतू हुडकून काढून मृत्यूचे कारण सांगितले. प्रत्येक वेळी रहस्य उलगडल्याचा गाजावाजा झाला. जे रहस्य तीन वेळा तीन तऱ्हांनी उलगडते, ते एकदाही पुरते उलगडले नसावे, अशी शंका कोणाही विचारी वाचकास येईल. ती शंका घेऊन उपलब्ध पुरावा एकदा ओळीने मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमची हयात सरकारी दप्तरात गेली. तेथे एक सवय अंगी बाणते. समोर कागद आला की मजकूर वाचण्याआधी तीन गोष्टी पाहावयाच्या : तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि कोणाच्या उपयोगासाठी लिहिला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करावयास घेतली, तेव्हा बखरीहून अस्सल पत्राला अधिक मान देण्याची जी शिस्त त्यांनी महाराष्ट्रास लावली, तिचेही सार याहून फारसे वेगळे नाही. हीच कसोटी आपण येथे लावून पाहू.

प्रथम या माणसाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. त्याचे खरे नाव मिकेलांजेलो मेरिसी. काराव्हाज्जो हे त्याच्या घराण्याच्या गावाचे नाव. तो जन्मला मात्र मिलान शहरात, सप्टेंबर १५७१ मध्ये. तेथील चर्चच्या दप्तरातील त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद २००७ मध्ये उजेडात आली. जन्माचा कागद सापडावयास एवढा काळ गेला, तेथे मृत्यूच्या कागदाचा घोळ चालू राहावा यात नवल नाही. रोमला आल्यावर त्याने सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चसाठी संत मॅथ्यूच्या जीवनावरील चित्रे काढली आणि १६०० च्या सुमारास त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. काळोखातून एका बाजूने येणारा प्रखर प्रकाश, आणि त्या प्रकाशात संतमहंतांऐवजी मळक्या पायांची, राबणारी, रस्त्यावरची माणसे, ही त्याची रीत. त्याने युरोपच्या चित्रकलेला वेगळे वळण दिले.

माणूस मात्र तापट आणि तलवारबहाद्दर होता. २८ मे १६०६ रोजी रोममध्ये रानुच्चो तोमास्सोनी नामक इसम त्याच्या हातून मारला गेला. चेंडूच्या खेळातील पैजेवरून भांडण जुंपले, असे त्या काळी सांगितले जाई. देहान्ताची शिक्षा जाहीर झाली आणि काराव्हाज्जो फरारी झाला. नेपल्समार्गे तो माल्टा बेटावर पोहोचला. तेथे सेंट जॉनच्या सरदारसंघाचे राज्य होते. जुलै १६०८ मध्ये या संघाने त्याला आपल्यात घेऊन सरदारकी दिली; आणि पुढच्याच महिन्यात एका वरिष्ठ सरदारावर झालेल्या हल्ल्यात तो सामील निघाला. हा सरदार जोव्हान्नी रोदोमोन्ते रोएरो होय. काराव्हाज्जो किल्ल्यात कैद झाला, तेथून निसटला, सिसिलीस गेला. त्याच्या पश्चात १ डिसेंबर १६०८ रोजी संघाने सडका अवयव कापून टाकावा तसे त्याला बहिष्कृत केले. ज्या प्रार्थनागृहात हा विधी झाला, तेथे त्याचेच 'संत जॉनचा शिरच्छेद' हे भव्य चित्र भिंतीवर होते. त्याने सही केलेले एकमेव चित्र ते हेच.

ऑक्टोबर १६०९ मध्ये नेपल्समधील एका खाणावळीजवळ त्याच्यावर प्राणघातक हल्ला झाला व चेहरा विद्रूप झाला. या हल्ल्याची वार्ता रोममध्ये कशी पोहोचली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्याकडे जसे अखबारनवीस दरबारोदरबारच्या बातम्या लिहून पाठवीत, तशी हस्तलिखित बातमीपत्रे तेव्हा इटलीत फिरत. ऑक्टोबर १६०९ च्या अशाच एका पत्रात तो प्रसिद्ध चित्रकार मारला गेला, कोणी म्हणतात केवळ विद्रूप झाला, अशी बातमी आहे. म्हणजे प्रत्यक्ष मृत्यूच्या नऊ महिने आधीच अफवेने त्याला एकदा मारून ठेवले होते. पुढील सर्व कथांकडे पाहताना हे विसरता कामा नये.

आता मुख्य प्रसंग. १६१० च्या उन्हाळ्यात रोमहून माफी मिळण्याची चिन्हे दिसू लागली. पोप पाचवा पॉल याचा भाचा कार्डिनल शिपिओने बोर्गेझे हा चित्रांचा मोठा हावरट संग्राहक होता, आणि माफीची किल्ली त्याच्या हाती होती. जुलै महिन्यात काराव्हाज्जो काही चित्रे बरोबर घेऊन एका फेलुकेत, म्हणजे शिडावल्ह्यांच्या लहान नावेत, बसला आणि नेपल्सहून रोमच्या दिशेने निघाला. तो रोमला पोहोचलाच नाही.

या प्रसंगावरचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे २९ जुलै १६१० चे एक पत्र. लिहिणारा देओदातो जेंतिले, कासेर्ताचा बिशप आणि पोपचा नेपल्समधील वकील. पत्र ज्याला लिहिले तो कार्डिनल बोर्गेझे. पत्राचा आशय असा : बिचारा काराव्हाज्जो प्रोचिदा बेटावर वारला, असे जे कळले ते खरे नव्हे, तो पोर्तो एर्कोले येथे वारला. त्याची नाव पालो येथे लागली असता तेथील किल्लेदाराने त्याला अटकेत टाकले. त्या गडबडीत नाव समुद्रात शिरून नेपल्सला परतली. त्याने पुष्कळ पैसा भरून सुटका करून घेतली आणि खुष्कीच्या मार्गाने, बहुधा पायीच, पोर्तो एर्कोले गाठले. तेथे आजारी पडून त्याचा अंत झाला. त्याचे सामान नावेतून परत येऊन कोस्तान्झा कोलोन्ना या सरदारीणबाईंच्या घरी गेले आहे. चित्रांची तातडीने चौकशी केली. तीनच हाती लागण्याजोगी आहेत, दोन संत जॉनची व एक मॅग्डालेनची.

आता आमची कसोटी लावू. पत्र कोणी लिहिले? जबाबदार अधिकाऱ्याने. केव्हा? काराव्हाज्जोचा कवी-मित्र मार्झिओ मिलेझी याने मृत्युलेखात १८ जुलै ही तिथी दिली आहे. ती धरली तर अवघ्या अकरा दिवसांनी. कशासाठी? येथे थोडे थांबले पाहिजे. पत्राचा रोख माणसाच्या मृत्यूवर नाही, चित्रांच्या ठावठिकाण्यावर आहे. वाचताना मन खिन्न होते. पण पुरावा म्हणून हीच गोष्ट पत्राच्या बाजूने जाते. ज्याला चित्रे हवी आहेत, त्याला माणूस कोठे मेला आणि सामान कोठे गेले, ही माहिती खरीच लागते. शिवाय पोर्तो एर्कोलेचे नाव या एकाच पत्रात नाही. रोमच्या २८ जुलैच्या बातमीपत्रात ते येते. आणि नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयने ऑगस्टमध्ये त्या किनाऱ्यावरील आपल्या अंमलदाराला लिहिले, की सदर चित्रकार तेथे वारल्याचे समजते, तरी त्याच्या चीजवस्तूंची यादी करून पाठवावी. पोर्तो एर्कोले हे तेव्हा स्पेनच्या ताब्यातील ठाणे होते, त्यामुळे हा हुकूम रीतसरच होता.

याचा अर्थ जेंतिलेचे पत्र निर्दोष आहे असे नाही. जेंतिले स्वतः तेथे नव्हता. तो ऐकीव लिहितो. पालो रोमच्या पश्चिमेस, तर पोर्तो एर्कोले तेथून उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटर. नाव दक्षिणेस नेपल्सला परतली असेल, तर हा मनुष्य भर उन्हाळ्यात उत्तरेस कशासाठी गेला? नाव पुढे गेली असावी या समजुतीने तो तिच्या मागे धावला, असा खुलासा करता येतो; पण ही कथेतील खरीखुरी भेग आहे, हे मान्य केले पाहिजे. पुढील सारे तर्क या भेगेतूनच उगवले आहेत.

या भेगेत पहिले बी पेरले ते जोव्हान्नी बाल्योने याने. १६४२ मध्ये छापलेल्या चित्रकारांच्या चरित्रांत तो लिहितो, की नाव गेल्याचे पाहून काराव्हाज्जो संतापाने वेडापिसा झाला, सिंहसंक्रांतीच्या उन्हात किनाऱ्याने धावत सुटला, तापाने फणफणला आणि जसा जगला तसाच वाईट रीतीने मेला. वर्णन फारच चित्रदर्शी आहे. पण बाल्योने कोण? १६०३ मध्ये आपली बदनामी करणारी कवने रचल्याबद्दल काराव्हाज्जोवर फिर्याद करणारा प्रतिस्पर्धी. तो लिहितो बत्तीस वर्षांनंतर. आपल्या बखरींत जसा शत्रूचा अंत त्याच्या पापाला साजेसा होतो, तसा तो येथे झाला आहे. तापाचा उल्लेख घ्यावा, निवाडा सोडून द्यावा.

हा ताप कोणता, याचे जुने उत्तर हिवताप असे आहे, आणि ते सयुक्तिक आहे. पोर्तो एर्कोलेच्या परिसरातील मारेम्मा हा दलदलीचा प्रदेश हिवतापासाठी शतकानुशतके कुप्रसिद्ध होता. 'मलेरिया' हा शब्दच इटालियन, अर्थ 'दूषित हवा'. डास आणि हिवताप यांचा संबंध १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी आपल्या सिकंदराबादेत दाखवून दिला, तोवर जगाला हवेवरच दोष ठेवता येत होता.

आता नव्या तर्कांकडे वळू. सिल्व्हानो विंचेती यांच्या पुढाकाराने एका समितीने पोर्तो एर्कोलेच्या दफनभूमीतील हाडे तपासली. सान सेबास्तियानो या जुन्या दफनभूमीतील अवशेष १९५६ मध्ये गावच्या नव्या दफनभूमीत हलविले गेले होते. त्यांतून वय, लिंग व काळ पाहून एकेक सांगाडा गाळत गाळत संशोधक एका पुरुषापाशी आले. वय चाळिशीच्या आतबाहेर, कार्बन-१४ चा कौल सतराव्या शतकाच्या आरंभास अनुकूल, हाडांत शिशाचे प्रमाण अधिक. काराव्हाज्जोचे थेट वंशज नसल्याने त्याच्या गावातील मेरिसी व तत्सम आडनावांच्या लोकांशी डीएनए ताडून पाहिला आणि जून २०१० मध्ये जाहीर केले, की ही हाडे त्याचीच असण्याची शक्यता पंच्याऐंशी टक्के आहे.

पंच्याऐंशी हा आकडा ऐकावयास भक्कम वाटतो. पण त्यातील एकेक कडी हलवून पाहा. चाळिशीचे पुरुष त्या ठाण्यावर अनेक मेले असतील. ते लष्करी ठाणे होते. कार्बनची पद्धत साल सांगत नाही, काही दशकांची मर्यादा सांगते. शिसे चित्रकाराच्या पांढऱ्या रंगात होते हे खरे, तसेच ते त्या काळच्या झिलईच्या भांड्यांतही होते. आडनाव हा तर फारच नाजूक पुरावा. एका आडनावाची दोन घराणी एका रक्ताची नसतात, हे आपणा मराठी मंडळींस सांगावयास नको. आणि ज्या दफनभूमीतून अवशेष उचलून दुसरीकडे नेले, तेथे कोणते हाड कोणाचे, याचा पंचनामा कोणी केलेला नाही. पोर्तो एर्कोले येथे काराव्हाज्जोच्या मृत्यूची नोंद असलेला एक कागद सापडल्याचे २००१ च्या अखेरीस जाहीर झाले होते. त्याने हा प्रश्न सुटला असता, परंतु त्याच्या अस्सलपणाविषयीच विद्वानांत मतभेद आहेत.

२०१८ चे संशोधन याच सांगाड्यांवर उभे आहे. मार्सेचे मिशेल द्रांकूर व त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. त्यांची पद्धत खरोखर कौतुकास्पद आहे. दाताच्या आतील मगजात रक्तवाहिन्या असतात; मृत्युसमयी रक्तात जंतू असतील तर त्यांचे अवशेष दाताच्या कठीण कवचात कुपीबंद राहतात. या मगजात त्यांना स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूच्या खुणा मिळाल्या. जखम चिघळून हा जंतू रक्तात भिनला की सेप्सिस होते. तेव्हा तलवारीची जखम, तीतून सेप्सिस आणि मृत्यू, अशी साखळी त्यांनी सुचविली. नेपल्सचा हल्ला आणि मृत्यू यांत नऊ महिन्यांचे अंतर आहे, आणि या अवधीत त्याने चित्रे रंगविली आहेत. 'संत उर्सुलाचे हौतात्म्य' हे अखेरच्या चित्रांपैकी एक मे १६१० मधील आहे. इतकी जुनी जखम की मधली एखादी नवी, हा प्रश्न राहतोच. पण त्याहून मूलभूत प्रश्न निराळा आहे. या मनुष्याचा मृत्यू कशाने झाला, याचे उत्तर प्रयोगशाळेने दिले. हा मनुष्य कोण, याचे उत्तर ती देऊ शकत नव्हती. ते तिने आधीच्या ओळखीवर सोपविले. साखळीतील शेवटची कडी पोलादाची असली तरी पहिली कडी सुताची असेल, तर वजन सुतानेच तोलावे लागते.

तिसरा तर्क खुनाचा. तो मांडणारे विंचेन्झो पाचेल्ली हे सामान्य अभ्यासक नव्हेत. 'संत उर्सुला'विषयीचे मे १६१० चे पत्र त्यांनीच शोधले, आणि गंमत अशी, की जेंतिलेचे वर दिलेले पत्रही त्यांनीच प्रकाशात आणले. २०१२ मध्ये त्यांनी असे मांडले, की माल्टाच्या सरदारसंघाने रोमच्या मूक संमतीने काराव्हाज्जोला पालो येथेच ठार केले, प्रेत समुद्रात टाकले आणि पोर्तो एर्कोलेच्या आजाराची कथा मागाहून रचली. हेतू होता यात शंका नाही. संघाचा अपमान झाला होता, रोएरो जखमी झाला होता, तोमास्सोनीचे नातलग होतेच. परंतु हेतू म्हणजे कृत्य नव्हे. हा तर्क खरा मानावयाचा तर जेंतिलेने आपल्याच धन्याला खाजगी पत्रात खोटे लिहिले, किंवा तो स्वतः फसला, असे धरावे लागते. पुन्हा व्हाइसरॉय आपल्याच अंमलातील ठाण्यावर चीजवस्तूंचा तपास लावतो. तेथे कोणी मेलेच नसते, तर ही बनावट पहिल्याच उत्तरात उघडी पडण्याचा संभव होता. संघाच्या नेपल्सकडील एका वरिष्ठाने मृताच्या चित्रांवर हक्क सांगितला, हे खरे. पण ज्याला बहिष्कृत केले त्याच्या मालमत्तेवर 'आमचा सरदार' म्हणून हक्क सांगणे यात लोभ दिसतो, कारस्थान दिसत नाही.

या तर्काची मोहिनी कशात आहे, हे मराठी वाचकांस चटकन उमगेल. ग्वाल्हेर-उज्जैनकडील आपल्या घरांत महादजी शिंदे यांचे नाव अजून आदराने घेतात. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्यानजीक वानवडी येथे ते ज्वराने गेले. तरी पुण्याच्या दरबारी राजकारणाशी जोडलेली घातपाताची कथाही पुढे लिहिली गेलीच. नारायणराव पेशव्यांचा खून खराच झाला होता, पण तेथेही लोकांना नुसता खून पुरला नाही. 'ध'चा 'मा' त्यांना हवा होता. मोठा माणूस सामान्य तापाने मरावा, हे आपणास सोसत नाही. ज्याने आयुष्यभर तलवार चालविली, ज्याने गोलिआथच्या छिन्न मस्तकाला स्वतःचा चेहरा दिला, तो परक्या गावी तापाने मेला, हे कथेला शोभत नाही. बाल्योनेने त्याच्या मृत्यूत पापाचे फळ पाहिले, आजचे लोक कारस्थान पाहतात. दोहोंची गरज एकच, की शेवट जीवनाला साजेसा असावा. इतिहासावर तसे बंधन नाही.

आमच्या मते आजच्या पुराव्यानिशी असे म्हणता येईल, की काराव्हाज्जो जुलै १६१० मध्ये पोर्तो एर्कोले येथे आजाराने वारला. तो आजार हिवताप होता की चिघळलेली जखम, याचा निर्णय हाडांची ओळख निर्विवाद पटेल त्या दिवशी होईल. खुनाचा तर्क अशक्य नाही, पण त्याच्या बाजूने शंका आहेत, कागद नाही.

आपणा दूरदेशी स्थायिक झालेल्या घराण्यांना ही चर्चा परकी वाटू नये. कोणता पूर्वज कोणत्या मोहिमेत पडला, कोणाला कोणी विष घातले, अशा कथा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. त्या सांगाव्या; त्यांत गोडी आहे. मात्र पेटीतल्या जुन्या कागदाशेजारी त्या लिहून ठेवताना हे ऐकीव, हे कागदोपत्री, एवढा भेद समासात नोंदवून ठेवावा. चारशे वर्षांनी काय उपयोगी पडेल, हे आज कोणी सांगावे? जेंतिलेला तीन चित्रांची काळजी होती. आज रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात असलेला तरुण संत जॉन हा त्या तिहींपैकीच एक, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चित्र आपल्या मुक्कामी पोहोचले. ते घेऊन निघालेल्या अडतीस वर्षांच्या चित्रकाराबद्दल मात्र त्या पत्रात 'बिचारा' एवढा एकच शब्द आहे; आणि आमच्या मते त्या साऱ्या दप्तरातील सर्वांत विश्वसनीय शब्द तोच होय.